अप्पांचं म्हणणं

पाथरीचे पाहुणे दुपारी सुपारी फोडायला येणार होते आणि सकाळपासून घरात कुणी एका जागी बसत नव्हतं. चन्नबसम्मानं बैठकीतली सतरंजी दोनदा अंथरली आणि दोनदा काढली. लेक शिवरंजनी साडी बदलून आली, आरशात बघितलं आणि पुन्हा पहिलीच नेसून आली. चन्नबसम्माचा नवरा बसवराज खुर्चीत बसून गळ्यापुढचा पांढरा रुमाल सारखा नीट करत होता.

त्यानं खिडकीकडं बोट केलं.

"चहा पाहिजे म्हणायलेत," चन्नबसम्मानं आत वळून सांगितलं.

त्याला खिडकी लावून पाहिजे होती. रस्त्यावरून कापसाचे टेम्पो जायचे, धूळ यायची आणि तो आता नाकानं नाही, गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घ्यायचा. पण चहा आला. त्यानं तो मुकाट्यानं पिला.

मानवतच्या मार्केट यार्डात बसवराजचं अडतीचं दुकान होतं आणि गेल्या उन्हाळ्यापर्यंत तिथं कापसाची हर्राशी, म्हणजे लिलाव, तोच पुकारायचा. भरल्या गाडीवर उभं राहून त्यानं भाव पुकारला की गेटाबाहेरचा रसवंतीवालासुद्धा मान वर करायचा. मग गळ्यात गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढून टाकलं. घरी आल्यावर त्याला पाटी दिली. तो लिहायचा, पण लिहिणं होईस्तोवर बोलणं पुढं गेलेलं असायचं. दोन अक्षरं उमटली की उरलेलं वाक्य चन्नबसम्माच पुरं करायची. हळूहळू त्यानं पाटी हातात घेणंच कमी केलं आणि ती त्याच्या डोळ्यांवरून बोलायला लागली. सुरुवातीला तिला भीती वाटायची, आपण चुकतोय की काय. मग भीती गेली. आता ती "यांचं म्हणणं असं हाय" म्हणायची आणि लोक ऐकायचे. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचं इतकं कुणीच ऐकलं नव्हतं.

बसवराजचा धाकटा भाऊ मल्लेश नारळ आणि पेढ्याचा पुडा घेऊन आला, तो चपला काढता काढताच बोलायला लागला.

"वहिनी, एक गोष्ट आधी पक्की करू. पाहुण्यापुढं बोलायचं मी."

"बोला की. तुमीच बोलणार, दुसरं कोण हाय?"

"तसं न्हाई. पोरगी यार्डात उभी राहती हे पाथरीपर्यंत गेलंय. आबासाहेब विचारतीलच. मी सांगणार की लग्न झाल्यावर ती यार्डात यायची न्हाई. दादाचंबी तेच म्हणणं हाय."

चन्नबसम्मानं नवऱ्याकडं बघितलं. बसवराजनं मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे बघणाऱ्यावर होतं.

"हां," ती म्हणाली. "यांचं तेच म्हणणं हाय. एकदाचं लग्न होऊन जाऊ द्या म्हणतेत, सुखानं."

आतल्या दारात शिवरंजनी उभी होती.

"अप्पा असं कधी म्हणले?"

"तू मधी पडू नको," मल्लेश म्हणाला.

"मधी कामून न्हाई? लग्न माझंच हाय न्हवं?" ती सरळ येऊन वडिलांच्या पायाशी बसली. "अप्पा, मी पयल्यांदा गाडीवर चढले त्या दिवशी तुमी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. का न्हाई? त्याचा अर्थ दुकान तू सांभाळ असाच होता न्हवं?"

बसवराजनं पाटी ओढली आणि लिहिलं, 'तू'.

"बघा!" शिवरंजनी उठलीच. "तू! काका, बघा, काय लिवलंय!"

त्याला 'तू जरा गप बस' लिहायचं होतं. खडू हातात तसाच राहिला.

*

हर्राशीचा नाद शिवरंजनीला ठरवून लागला नव्हता. वडील आजारी पडल्यावर काका गाडीवर उभा राहायचा. पण त्याचा आवाज बारीक. व्यापारी एकमेकांत बोलत राहायचे आणि पुकारलेला भाव हवेतच विरायचा. एका सकाळी तर त्याचा घसाच बसला. खाली शेतकरी ताटकळले होते, म्हणून ती चढली. पहिला भाव पुकारला तेव्हा हसू आलं लोकांना. तिसऱ्या गाडीला कुणी हसलं नाही. मग रोजच ती जायला लागली. अख्खा यार्ड आपल्या तोंडाकडं बघतोय, ही गोष्ट तिला फार आवडली. पण हे असं सरळ बोलायची सोय नव्हती. कुणी विचारलं की ती म्हणायची, "अप्पांची इच्छा हाय." त्यावर कुणी उत्तर देत नसे.

पाहुणे वेळेवर आले. आबासाहेब पुढं, मागून त्यांच्या पत्नी सरजाबाई आणि मुलगा ओमप्रकाश. पाथरीत त्याचं औषधाचं दुकान होतं. बघण्याच्या कार्यक्रमात तो शिवरंजनीला बरा वाटला होता. कमी बोलणारा आणि हसला की खाली बघणारा. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून आलेले आबासाहेब बसवराजपुढं वाकले.

"शरणार्थ, अप्पा. तब्येत कशी हाय?"

"बरी हाय म्हणतेत," चन्नबसम्मा म्हणाली.

मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, चहा झाला. हळद-कुंकू लावलेली सुपारी ताटात मधोमध होती. मल्लेशनं घसा साफ केला.

"तर आबासाहेब, दादाच्या वतीनं मीच बोलतो. मुलगा आमाला पसंत हाय. आमच्या मनात काय शंका न्हाई. तुमच्या काही असतील तर आत्ताच बोला."

आबासाहेबांनी बायकोकडं बघितलं. सरजाबाई नीट सावरून बसल्या.

"शंका एकच. लोक म्हणतेत, पोरगी मार्केटात हर्राशी पुकारती. खरं हाय का?"

"अडचण होती म्हणून," मल्लेश लगेच म्हणाला. "दादाच्या आजारपणापायी. लग्नानंतर ते सगळं बंद. दादाचं स्पष्ट म्हणणं हाय तसं."

"न्हाई," शिवरंजनी म्हणाली.

चन्नबसम्मानं लेकीचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"अप्पांचं म्हणणं तसं न्हाई. पाथरी काय लांब हाय? सकाळच्या बसनं यायचं, दुपारी परत जायचं. दुकान मी बघावं, अशी अप्पांची इच्छा हाय."

"कधी सांगितली तुला इच्छा?" मल्लेशचा आवाज चढला. "चाळीस वर्षं मी त्याच्यासोबत काढलीत. त्याच्या मनातलं मला कळतंय का तुला?"

"मग तुमीच सांगा, अप्पांनी लिवून दिलंय का तुमाला?"

"तुला दिलंय का?"

"अवो, भांडू नका पाहुण्यापुढं," चन्नबसम्मा कळवळून म्हणाली. "यांना त्रास व्हायलाय. यांचं म्हणणं एवढंच हाय, लग्न लवकर करा. पुढचं पुढं."

ओमप्रकाश सतरंजीचा दोरा ओढत बसला होता.

*

तिघंही आपल्याचविषयी बोलतायत आणि आपण इथं नाही, असं बसवराजला वाटलं. मेलेल्या माणसाच्या घरी लोक असेच बोलतात. 'त्यांना हे आवडायचं', 'त्यांची ती इच्छा होती'.

त्यानं गळ्यापुढचा रुमाल सैल केला.

नांदेडच्या दवाखान्यात एका बाईंनी त्याला शिकवलं होतं. हवा पाण्यासारखी गिळायची, पोटापर्यंत जाऊ द्यायची नाही, अन्ननळीतूनच परत वर आणायची आणि येताना तिच्यावर शब्द बसवायचा. घरी आल्यावर त्यानं चन्नबसम्मापुढं एकदा करून बघितलं होतं. तिला वाटलं उलटी होतेय. ती धावत घमेलं घेऊन आली. त्यानंतर त्यानं घरात कधी तोंड उघडलं नाही. सरावाला तो दुकानामागच्या गोदामात जायचा आणि कापसाच्या ढिगाकडं तोंड करून बसायचा. आधी नुसता 'प' निघाला. मग 'पाणी'. मग आठवड्यांनी 'कापूस'. आवाज बेडकासारखा, ओला, खरबरीत. एका दमात दोन-तीन शब्द, की पुन्हा हवा गिळायची. दर वेळी त्याला स्वतःचीच किळस यायची. मनात कुठंतरी तो जुन्या आवाजाची वाट बघत होता. तो बरा होऊन परत येईल, आणि मगच आपण बोलू.

तो आवाज येणार नव्हता. हाच होता.

"मल्लेश काका, अप्पांना विचारा तरी!" शिवरंजनी म्हणत होती.

"विचारायचं काय? त्याच्या तोंडावर दिसायलंय—"

बसवराजनं हवा गिळली.

"थांब."

सगळ्यांनी इकडंतिकडं बघितलं. आवाज कुठून आला, ते कुणालाच कळलं नाही. सरजाबाई दचकून मागं सरल्या.

"अवो, यांना पाणी द्या कुणीतरी. उचकी लागली वाटतं," चन्नबसम्मा सुपारीचं ताट बाजूला घेत म्हणाली.

"पाणी... नको." त्यानं पुन्हा हवा गिळली. गळ्याजवळचा रुमाल फडफडला. "माझं म्हणणं... मी... सांगतो."

चन्नबसम्माच्या हातातलं ताट तिरपं झालं. सुपारी घरंगळत आबासाहेबांच्या गुडघ्याशी गेली. कुणीच ती उचलली नाही.

"मी... मेलो न्हाई. दुकान... मी बघणार. उद्यापासून."

"दादा," मल्लेश म्हणाला.

"पुकारता... येत न्हाई. कापूस... बघता येतो." तो थांबला. घामाघूम झाला होता. एवढे शब्द त्यानं गोदामातही सलग काढले नव्हते. पुन्हा दम घेऊन त्यानं शिवरंजनीकडं हात केला. "तिचं... तिला विचारा. माझ्या... नावानं... कुणी बोलू नका."

*

मल्लेशला आधी आनंद झाला. भाऊ बोलला होता! उठून त्याला मिठी मारावी, असं त्याला वाटलं. पण त्याच क्षणी अंगातून काहीतरी गळून पडल्यासारखं झालं.

"मग इतके दिवस मी कुणाचं बोलायलो होतो?" तो म्हणाला. पाहुणे बसलेत, याचं भान त्याला राहिलं नाही. "डॉक्टरापुढं मी, व्यापाऱ्यापुढं मी, भावकीत मी. तुला बोलता येत होतं तर मला सांगितलं कामून न्हाई?"

"लाज... वाटली."

"आणि मला वाटत नव्हती?" मल्लेश म्हणाला. "गाडीवर उभं राहिलो की लोक म्हणायचे, आवाज कुठंय याचा? बसवराजचा भाऊ हाय का हा? दादा, खरं सांगू का, मला ती हर्राशी कधीच आवडली न्हाई. तुझ्यासाठी उभा राहत होतो. मला बोरीला जायचंय. आपल्या शेतावर. तिथं कुणाला वरडून काय सांगायचं नसतंय."

हे त्यानं आजवर स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"जा की," बसवराज म्हणाला.

इतकं सोपं उत्तर येईल, असं मल्लेशला वाटलं नव्हतं. तो भिंतीला टेकून बसला आणि पंच्यानं तोंड पुसायला लागला.

आबासाहेबांनी खाकरून विषय जागेवर आणला. ते भले गृहस्थ होते. त्यांना कुणाचाच अपमान करायचा नव्हता.

"बरं झालं, अप्पा बोलले. देवाची कृपा. आता पोरीलाच विचारू. काय गं बाळ, तुझं काय म्हणणं हाय?"

शिवरंजनीनं तोंड उघडलं आणि नेहमीचं वाक्य ओठावर आलं. अप्पांची इच्छा. ते आता वापरता येत नव्हतं. वडील तिच्याकडं बघत होते, पण ते डोळे कुठल्याच बाजूचे नव्हते. पहिल्यांदाच तिला गाडीवर एकटं उभं केल्यासारखं वाटलं.

"मला आवडतं ते काम," ती म्हणाली. आवाज अगदी लहान निघाला. "कुणासाठी म्हणून न्हाई. मलाच आवडतं. लग्न झाल्यावरबी मी करणार."

सरजाबाईंनी मान हलवली. "पोरी, मी वाईट म्हणून बोलत न्हाई. तू खोटं बोलली न्हाईस, हे मला आवडलं. पण माझं घर मला म्हाईत हाय. आमच्यात सून बाजारात उभी राहिलेली चालायची न्हाई. आज हो म्हणायचं आणि उद्या रोज तोंड वाकडं करायचं, त्यापेक्षा आत्ताच सांगते."

शिवरंजनीनं ओमप्रकाशकडं बघितलं. त्यानं आईकडं बघितलं, मग सतरंजीकडं. तो पुन्हा दोरा ओढायला लागला. तेवढ्यावरून तिला सगळं कळलं.

आबासाहेब उठले. जाताना त्यांनी बसवराजचे हात हातात घेतले. सुपारी न फुटताच राहिली. गाडी गल्लीच्या वळणाला दिसेनाशी झाली तरी चन्नबसम्मा दारातच उभी होती.

*

दुसऱ्या दिवशी बसवराज यार्डात गेला. शिवरंजनी गाडीवर चढली आणि तो खाली उभा राहिला. ढिगात कोपरापर्यंत हात घालून त्यानं आतला कापूस वर काढला, बोटांनी ताणला आणि लेकीकडं बघून मान डोलावली. तिनं भाव पुकारला. परमेश्वर नावाच्या जुन्या व्यापाऱ्यानं विचारलं, "अप्पा, ओलावा हाय का वो?"

"न्हाई. कोरडा... हाय."

परमेश्वर जागीच थबकला. मागं दोन पोरांनी त्या आवाजाची नक्कल केली आणि फिदीफिदी हसली. बसवराजनं ते ऐकलं. त्याच्या हातातला कापूस चुरगळला. घरी निघून जावं, असं वाटलं. पण परमेश्वरानं एक पाऊल पुढं येऊन कान जवळ आणला आणि म्हणाला, "काय म्हणलात? परत सांगा." त्यानं परत सांगितलं. पुढच्या गाडीपाशी दुसऱ्यानं विचारलं, त्यालाही सांगितलं. यार्डात इतका कालवा असायचा, की त्याच्याशी बोलणाऱ्याला वाकावंच लागायचं. माणसं वाकत होती. दुपारपर्यंत तो दमला, पण बसला नाही.

घरी आला तेव्हा चन्नबसम्मा ज्वारी निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. कालपासून तिनं जेवायला वाढलं होतं, पाणी दिलं होतं, पण एक शब्द काढला नव्हता. शिवरंजनी आत गेल्यावर चन्नबसम्मानं हातातलं सूप खाली आदळलं.

"झालं समाधान? चांगली सोयरीक होती. पोरगा निर्व्यसनी, घर भरलेलं. तुमी तोंड उघडलं आणि मोडली."

"मोडू दे."

"मोडू दे? लोकाला काय, बोलून मोकळे! पोरीचं पुढं काय?" तिचा आवाज फाटला. "आणि मला कामून सांगितलं न्हाई, बोलता येतंय म्हणून? रात्रंदिवस तुमच्या डोळ्याकडं बघून बघून माझे डोळे गेले. पाणी पाहिजे का, पांघरूण पाहिजे का, दुखतंय का. चुकलं तर चुकलं म्हणायचं होतं. मला वाटायचं, मला सगळं कळतंय."

बसवराज तिच्यासमोर जमिनीवर बसला. हवा गिळली.

"कधी कधी... बरोबर... असायचं."

"कधी कधी!" ती रडता रडता हसली आणि हसल्याचा तिला रागच आला. पदरानं तिनं डोळे पुसले. "मग आता मी काय बोलायचं? तुमचं तुमी बोलणार. पोरगी तिचं बोलती. भाऊजी बोरीला चाललेत. मी काय बोलू?"

"तुझं... बोल."

ती सुपातल्या दाण्यांकडं बघत राहिली. सासरी आली तेव्हा गप्प बसायला शिकली होती. तो आजारी पडला तेव्हा त्याचं बोलायला शिकली. दोन्ही तिला नीट जमलं होतं. हे तिसरं तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"माझं म्हणणं..." ती अडखळली. मग मान वर केली. "माझं म्हणणं हाय, की सरजाबाईकडं परत जावं आणि नीट समजावून सांगावं. पोरीनं हप्त्यातून दोन दिवस यार्डात यावं. एवढं तर त्या मान्य करतील. सोयरीक मोडली हे मला पटलेलं न्हाई. हे माझं हाय, तुमचं न्हाई."

"चूक हाय," बसवराज म्हणाला.

"चूक? कशी काय चूक?"

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण हवा खाली उतरलीच नाही, नुसती फुसकन बाहेर आली. सवयीनं तिच्या ओठावर त्याचं वाक्य आलं. तिनं ते गिळलं. सूप बाजूला सारलं, पदर खोचला आणि मांडी घालून त्याच्यासमोर नीट बसली.

"सांगा की, कशी चूक ते," ती म्हणाली. "मी थांबते."